सोवळ्यातला झिपऱ्या

मुलग्यानं केस वाढवायला घेतले की घरात दोनच निदानं होतात: एक तर त्याला कसलं तरी वेड लागलं, नाहीतर प्रेमभंग झाला. दोन्ही चुकीची. आपले केस सरळ नसून लहरी आहेत हे पंचविशीत कळलेला आणि ते खांद्यापर्यंत न्यायचा पण केलेला जो तरुण हल्ली पुण्या-मुंबईच्या घराघरांत आरशासमोर आढळतो, तो बंडखोर नाही आणि आळशी तर नाहीच नाही. घरातला शेवटचा कर्मठ माणूस तोच. सोवळं-ओवळं आजोबांबरोबर गेलं म्हणून ज्यांना हळहळ वाटते (किंवा हायसं वाटतं), त्यांनी त्याचं न्हाणं एकदा बघावं.

न्हाण्याचे वार ठरलेले, बुधवार आणि रविवार. शाम्पूची बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं तो पोथीसारखी वाचतो. सल्फेट आणि सिलिकोन हे त्याचे कांदा-लसूण आणि त्याचा चातुर्मास बारमाही. कोरड्या केसांना कंगवा लावायचा नाही. केस ओले, कंडिशनरनं बुळबुळीत झालेले असतानाच मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकांकडून वर वर सरकत. टॉवेल वर्ज्य, कारण त्याच्या खरखरीत धाग्यांनी केस पिंजारतात. त्यासाठी जुना सुती टी-शर्ट दांडीवर वेगळा वाळत असतो आणि कामाच्या मावशींनी चुकून त्यानं ओटा पुसला तर तो टी-शर्ट बाटला. मग जवस. चटणीसाठी आणलेले जवस तो पाण्यात उकळतो आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखा चीक सुटला की गरम असतानाच गाळतो. गार झाला की तो गाळणीतून उतरत नाही, हे शहाणपण पहिली गाळणी फुकट गेल्यानंतरचं. तो चीक खाली वाकून, केस मुठीत चुरगाळत लावायचा आणि वाळेपर्यंत दोन तास कुणी शिवायचं नाही. दाराची बेल वाजली तर मान न हलवता, अख्ख्या धडानिशी वळून तो दार उघडतो. कुरियरवाल्यानं चार पावलं मागं सरावं इतकं ते सोवळं कडक दिसतं.

आता कुणी म्हणेल, हे नुसतं थेर आहे. कर्मठपणाला निदान श्रद्धा तरी असते. पण इथं तर श्रद्धेचीही गरज नाही, प्रत्येक नियमाला कारण आहे. टाळूवरचं तेल सरळ केसावरून सहज उतरतं, वळणावळणाच्या केसात ते वाटेतच रेंगाळतं, म्हणून टोकं कोरडी राहतात आणि रोजचा शाम्पू त्यांना सोसत नाही. ओल्या केसातले हायड्रोजनचे बंध सुटलेले असतात, वाळताना ते पुन्हा जुळतात आणि ज्या आकारात जुळतात तोच आकार पुढच्या न्हाण्यापर्यंत टिकतो; मधे बोट घातलं की लहर फिसकटली. मुंबईच्या जुलैतली दमट हवा हेच काम बोटांशिवाय करते, म्हणून पावसाळ्यात त्याचं डोकं पिंजलेल्या गादीसारखं दिसतं आणि तो हवामान खात्याचा अंदाज पावसासाठी नव्हे, आर्द्रतेसाठी वाचतो. परंपरेतल्या कर्मठाला 'का?' विचारलं तर तो चिडायचा. हा खुलतो. किंबहुना विचारायची वाटच बघत नाही, हा त्याचा खरा दोष.

या पंथाचे बरेच अनुयायी टाळेबंदीनं दिले. मार्च २०२० मध्ये सलूनं बंद झाली, महाराष्ट्रात ती उघडली २८ जूनला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे तीनेक सेंटिमीटर फुकटात मिळाले. बारीक कापलेल्या केसाला वळायला जागाच नसते, त्यामुळे कित्येकांना आपली लहर तेव्हा पहिल्यांदा दिसली. बाकीचे २८ जूननंतर खुर्चीत जाऊन बसले, हा राहिला. मात्र तिथून खांदा गाठायला दीड-दोन वर्षं, आणि त्यातले मधले सहा-आठ महिने केस बांधता येत नाहीत, मोकळे सोडवत नाहीत. कानांवर दोन पंख फुटतात, हेल्मेट काढलं की माथा चप्प आणि खाली झालर. अशा वेळी तो झाकीर हुसेन यांचा दाखला देतो. दाखला चांगला आहे, फक्त त्या उडणाऱ्या बटांखाली तबला होता आणि याच्या बटांखाली एक्सेल शीट.

सगळ्यात खरा आक्षेप बहिणीचा असतो आणि त्याला उत्तर देणं जड जातं. ती म्हणते, हेच केस मलाही आहेत. मी मोकळे सोडले की 'झिंज्या आवर' आणि याचं मात्र व्रत! खरं आहे. ही लहर बहुधा आईकडून आलेली असते. तिची वेणी उलगडली की दिसते, पण खोबरेल चोपडून घट्ट वेणी घालण्यात तिच्या पिढीची ती दडपली गेली. कर्मठ मंडळींना घरातल्या बायकांचे कष्ट कधी दिसले होते? इथंही तो परंपरेला धरूनच आहे. आजीचं तेल त्यानं आधी 'हेवी' म्हणून नाकारलं. मग २००३ सालचा, मुंबईतल्या एका खोबरेल कंपनीच्याच संशोधकांचा निबंध त्याच्या वाचनात आला: खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि त्यातली प्रथिनं धुपू देत नाही. आता तो न्हाण्याआधी तेल लावतो आणि त्याला 'प्री-वॉश ट्रीटमेंट' म्हणतो. आजी वाटी कोमट करून देते आणि काही बोलत नाही.

दर तीन महिन्यांनी मात्र त्याला त्या खुर्चीत बसावंच लागतं, कारण फाटे फुटलेली टोकं काढायची असतात. 'फक्त अर्धा इंच,' तो बोटांच्या चिमटीत दाखवतो. कारागीर मान डोलावतो, पाण्याचा फवारा मारतो आणि ओल्या केसांचा अर्धा इंच कापतो. वाळल्यावर तो दोन इंच वर जाऊन बसतो.