फेकणाऱ्याची चूक की झेलणाऱ्याची?

“त्या पोराला उगाच बोल लावतात गं सगळे. खरा दोष त्या दुसऱ्याचा आहे.”

काकूंनी कुंपणापलीकडून एवढं म्हटलं आणि मी हातातली झारी खाली ठेवली. आमच्या एडिसनच्या या रस्त्यावर ‘ते पोर’ आणि ‘तो दुसरा’ असं कुणी म्हटलं की विषय चविष्ट निघणार याची खात्री असते. कुणाचं जमलं, कुणाचं फिसकटलं, कुणाचा जावई नोकरी सोडून घरी बसला.

“कोण हो? कोपऱ्यावरच्या घरातला का?” मी आवाज खाली आणून विचारलं.

“छे गं! गॅरेट विल्सन.”

माझा हिरमोड झाला. काकू मूळच्या सदाशिव पेठेतल्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या आणि मुलाकडे न्यू जर्सीला राहायला आल्या. इथे रविवारी दुपारी एक वाजला की घरातली माणसं तीन तास बोलेनाशी होतात हे त्यांच्या लक्षात आलं. आधी त्यांनी नावं ठेवली, मग चौकशी केली, आणि मग स्वतःच टीव्हीपुढे ठाण मांडलं. आता अमेरिकन फुटबॉल त्यांच्याइतका त्या घरात कुणाला कळत नाही. टीम त्यांची जेट्स. नाव न्यूयॉर्कचं आणि मैदान आमच्या न्यू जर्सीत, ईस्ट रदरफर्डला. आत्ता हाफटाईम होता म्हणून कढीपत्त्याची कुंडी घरात घ्यायच्या निमित्ताने त्या बाहेर आल्या होत्या. जेट्स हरत होते, हे वेगळं सांगायला नको.

“आमच्या ह्यांच्यासमोर बोलू नका काकू,” मी म्हटलं. “फॅन्टसी लीगमधल्या आपल्या टीमसाठी त्यांनी तोच घेतलाय. मघापासून त्याच्या नावाने खडे फोडताहेत. म्हणतात, वाईड रिसीव्हर आहे ना, मग झेल की बॉल!”

“फोडू देत. एक सांग, पास पडला की कॅमेरा कुणाच्या तोंडावर जातो? झेलणाऱ्याच्या. त्याचे रिकामे हात दिसतात ना! फेकणाऱ्याचे हात बॉल सुटल्यावर रिकामेच असायचे, मग त्याची चूक दिसणार कशी?”

काकूंशी वाद घालायचा तर तयारी लागते. मी म्हटलं, “पण हिशोबात उलटं असतं ना? बॉल रिसीव्हरच्या हातावर आपटून दुसऱ्या टीमच्या माणसाने पकडला, तर इंटरसेप्शन लिहितात फेकणाऱ्याच्या, म्हणजे क्वार्टरबॅकच्याच नावावर. आणि झेल सोडल्याचा तर लीगच्या अधिकृत आकड्यांत रकानाच नाही. बाहेरच्या कंपन्या बसून मोजतात आणि प्रत्येकीचा आकडा वेगळा.”

“म्हणून तर म्हणते, कागद बाजूला ठेव. मॅच बघ. तीसुद्धा टीव्हीवरची नाही. टीव्हीवर काय दिसतं? मधली रेटारेटी आणि बॉल. रिसीव्हर पळत सुटला की पडद्याबाहेर. कसा पळाला, मोकळा झाला की नाही, हात वर करून उभा होता की काय, काही कळत नाही. बॉल येऊन पडतो तेव्हा दर्शन होतं बिचाऱ्याचं. आमच्या नातवाने ते कोच लोकांचं चित्रण घेतलंय, बावीसच्या बावीस माणसं दिसतात त्यात. सोमवारी आम्ही दोघं ते बघतो.”

सोमवारी संध्याकाळी त्यांच्याकडे दिवा का जळत असतो ते मला आत्ता कळलं. मी आपली समजत होते की मालिका बघतात.

मग काकूंनी २०२२ काढलं. ते वर्ष त्यांना तोंडपाठ आहे. गॅरेट विल्सनचं पहिलंच वर्ष, आणि बॉल फेकायला झॅक विल्सन. आडनाव एक, नातं काही नाही. झॅकला जेट्सनी २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर उचललेलं, म्हणजे केवढ्या आशा! २० नोव्हेंबरला न्यू इंग्लंडविरुद्धच्या मॅचमध्ये या झॅकने २२ पास फेकले, ९ पोचले, ७७ यार्ड मिळाले. अख्ख्या दुसऱ्या हाफमध्ये जेट्सचं आक्रमण मिळून २ यार्ड पुढे सरकलं.

“दोन यार्ड गं! आमच्या ओट्यापासून फ्रीज त्याहून लांब आहे. शेवटी १०–३ ने हरले. आणि नंतर पत्रकारांनी विचारलं, आपल्या बचावाच्या मुलांना तुमच्यामुळे खाली बघावं लागलं असं वाटतं का, तर हा म्हणतो, नाही! मेल्याला बाहेर बसवला पुढच्या मॅचला. माईक व्हाईटला आणला. ३१५ यार्ड, ३ टचडाऊन. आणि आपला गॅरेट? ५ झेल, ९५ यार्ड, २ टचडाऊन. एका आठवड्यात त्याचे हात सुधारले होय?”

“समोर शिकागो होती काकू,” मी म्हटलं. “त्या वर्षी १७ पैकी १४ मॅचेस हरलेली. त्यांच्यासमोर कुणीही शूर.”

काकूंनी मला शाळेतल्या मुलीकडे बघावं तसं पाहिलं. पण उत्तर बरोबर आलं होतं, त्यामुळे मार्क कापता येईनात.

“बरं, मग हे घ्या,” मी पुढे दामटलं. हे ह्यांच्याकडूनच ऐकलेलं होतं, पण ते सांगायची काय गरज? “रिसीव्हर चांगला आणि क्वार्टरबॅक रद्दी म्हणून जेट्सनी ॲरन रॉजर्सला आणला. २०२३ मध्ये ११ सप्टेंबरला चौथ्याच खेळीला त्याच्या पायाची शीर तुटली आणि वर्ष फुकट गेलं. पण २०२४ ला तर अख्खा सीझन खेळला ना? झॅक आणि मंडळींकडून गॅरेटला २०२२ मध्ये ११०३ यार्ड मिळाले होते. रॉजर्स असताना मिळाले ११०४. एवढा मोठा माणूस आणला आणि वाढला एक यार्ड!”

“टचडाऊन ४ चे ७ झाले, ते सांगितलं नाहीत वाटतं तुझ्या ह्यांनी?”

सांगितलं नव्हतं.

“शिवाय तो रॉजर्स चाळिशी उलटलेला. कोचला पाच मॅचनंतर घरी पाठवलेलं. मध्येच दवान्ते ॲडम्सला आणलं, मग बॉल त्याच्याकडेही जाणार. एका आकड्यात इतक्या भानगडी असतात बघ. त्यातली कुठली गॅरेटची आणि कुठली रॉजर्सची, हे त्या एका यार्डावरून कसं ठरवणार?”

इथे काकूंनी कुंडी खाली टेकवली. कुंडी खाली टेकली म्हणजे रँडी मॉस येणार, हे आता मला माहीत झालंय.

मॉसची गोष्ट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी. १९९८ मध्ये हा माणूस मिनेसोटात आला आणि पहिल्याच वर्षी त्याने १७ टचडाऊन झेलले. पुढे २००५ मध्ये तो ओकलंड रेडर्सकडे गेला आणि दोन वर्षांत त्याची रया गेली. २००६ मध्ये १३ मॅचेसमध्ये ४२ झेल आणि ३ टचडाऊन. तिशीला लागलेला, पाय संपले, मन लागत नाही, असं जो तो म्हणू लागला. रेडर्सनी त्याला न्यू इंग्लंडला देऊन टाकलं, ते ड्राफ्टच्या चौथ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात. म्हणजे रद्दीच्याच भावात.

“आणि रेडर्सचं त्या वर्षीचं घर कसं होतं माहितेय?” काकूंचा आवाज आता खऱ्या गॉसिपला लागतो तसा लागला. “आक्रमणाच्या खेळ्या ठरवायला ज्याला बोलावलं, तो टॉम वॉल्श आयडाहोमध्ये पाहुण्यांना चहा-नाश्ता देऊन खोल्या भाड्याने द्यायचा धंदा करत होता. कितीतरी वर्षं लीगबाहेर! त्याला सीझन संपायच्या आतच बदलावं लागलं. क्वार्टरबॅकना मिळून ७२ वेळा बॉलसकट आडवं केलं समोरच्यांनी. सोळा मॅचेसमध्ये ७२! फेकायला वेळच नाही, तर लांब पळणाऱ्याला बॉल मिळणार कुठून? १४ मॅचेस हरले.”

“म्हणजे मॉस निर्दोष?”

“तसं कुठे म्हटलं मी? तो स्वतःच कबूल करत होता की मूड नाही, लक्ष लागत नाही, म्हणून बॉल सुटतात. रुसलेला होता गं तो. पण न्यू इंग्लंडला गेला, टॉम ब्रेडी मिळाला, आणि त्याच वर्षी २३ टचडाऊन. आजवर एका सीझनमध्ये कुणी तेवढे झेललेले नाहीत.”

त्यातल्या तेविसाव्या टचडाऊनची मॅच २९ डिसेंबर २००७ ला आमच्याच ईस्ट रदरफर्डला झाली, जुन्या मैदानात, जायंट्सविरुद्ध. ब्रेडीने मॉसकडे लांब पास टाकला. बॉल जरा आखूड पडला, मॉसला थांबावं लागलं, हातात आला आणि निसटला. आता सांगा, चूक कुणाची? आखूड टाकणाऱ्याची की हातात आलेला सोडणाऱ्याची? लोकांनी ठरवायच्या आत पुढच्याच खेळीला दोघांनी तेच केलं. मॉस तसाच पळाला, ब्रेडीने तसाच टाकला, ६५ यार्डांचा टचडाऊन. ब्रेडीचा त्या वर्षीचा पन्नासावा, मॉसचा तेविसावा. फेकणाऱ्याचा आणि झेलणाऱ्याचा, दोन्ही विक्रम एकाच बॉलवर मोडले. न्यू इंग्लंडने ती मॅच ३८–३५ अशी जिंकली आणि सोळाच्या सोळा मॅचेस जिंकून नियमित सीझन संपवला. मला विचाराल तर या विषयावर वाद घालणाऱ्या प्रत्येकाला त्या दोन खेळ्या लागोपाठ दाखवाव्यात. आधीचीच खेळी मॅचमधली शेवटची ठरली असती, तर आपण आजही भांडत बसलो असतो.

“पण काकू, दरवेळी रिसीव्हर बिचारा आणि क्वार्टरबॅक खलनायक असंही नसतं. ॲलन रॉबिन्सन आठवतो?”

काकूंनी नाक मुरडलं. आठवत होता.

रॉबिन्सनबद्दल वर्षानुवर्षं सगळे हळहळायचे. जॅक्सनव्हिलला ब्लेक बोर्टल्स, शिकागोत मिचेल ट्रुबिस्की आणि निक फोल्स; कधी धड फेकणारा मिळालाच नाही. त्यातही त्याने २०१५ मध्ये १४०० यार्ड आणि १४ टचडाऊन काढले, २०२० मध्ये १०२ झेल घेतले. याला एकदा खरा क्वार्टरबॅक मिळू दे, मग बघा! मिळाला. २०२२ मध्ये रॅम्सनी तीन वर्षांसाठी ४ कोटी ६५ लाख डॉलरचा करार केला. फेकायला मॅथ्यू स्टॅफर्ड, नुकताच सुपर बोल जिंकलेला, ज्याच्याकडून कूपर कपने आदल्या वर्षी १९४७ यार्ड घेतले होते. रॉबिन्सनचे किती झाले? ३३ झेल, ३३९ यार्ड.

“दहाच मॅचेस खेळला,” काकू पुटपुटल्या.

“त्याच वर्षी त्याच टीममध्ये कपने नऊ मॅचेसमध्ये ७५ झेल घेतले.”

“फेकणाऱ्याला राखणारी लाईन फुटली होती रॅम्सची. स्टॅफर्ड स्वतः जखमी झाला.”

“मग कपला कसा बॉल मिळाला?”

काकू गप्प झाल्या. हे क्वचित घडतं, म्हणून नोंदवून ठेवते.

पण गप्प बसणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. “हे बघ, तू लहानपणी क्रिकेट बघायचीस ना? रनआऊट झाला की चूक कुणाची, यावर घरात भांडण व्हायचं. एक हो म्हणाला की नाही म्हणाला, दुसऱ्याला ऐकू आलं की नाही, हे त्या दोघांनाच माहीत. इथेही तसंच. रिसीव्हरला कितीदा ठरवून दिलेला एकच रस्ता नसतो. समोरचा अंगावर चिकटून आला तर आत वळ, मागे जागा राखून उभा असेल तर मोकळ्या जागेत थांब. क्वार्टरबॅकने तेच, त्याच क्षणी ओळखायचं. एकाने आत वळणार समजून बॉल टाकला आणि दुसरा थांबला, तर बॉल पडतो रिकाम्या गवतावर. कॉमेंट्रीवाला म्हणतो, काय भिकार फेकला! चूक कुणाची ते नंतर बंद खोलीत कोच सांगतो, आणि तो बाहेर बोलत नाही.”

“मग तुम्ही सोमवारी काय बघता?”

“आधी लाईन. फेकणाऱ्याला श्वास घ्यायला वेळ होता का? मग रिसीव्हरचे पाय, हात नव्हे. वळला तेव्हा कॉर्नरबॅक मागे पडला का? मग बॉल पुढ्यात आला की पाठीमागे. हात सगळ्यात शेवटी. तुझे हे हातांपासून सुरुवात करतात, म्हणून त्यांचं सगळं चुकतं.”

हल्ली खेळाडूंच्या खांद्याच्या पॅडमध्ये चिप असते आणि रिसीव्हर बचाव करणाऱ्यापासून किती यार्ड सुटला ते मशीन मोजतं, असं मी सांगून पाहिलं. काकूंना त्याचं कौतुक नाही. उंच दांडगा रिसीव्हर गर्दीतून बॉल ओढून घेतो, तो मशीनच्या लेखी मोकळा नसतोच. म्हणून काय तो वाईट, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांनी डीआंद्रे हॉपकिन्सचा दाखला दिला. २०१५ मध्ये ह्यूस्टनला चार वेगवेगळ्या क्वार्टरबॅकनी फेकलं तरी त्याने १५२१ यार्ड काढले. पुढच्या वर्षी ७ कोटी २० लाख डॉलरचा ब्रॉक ऑस्वाइलर आणला, तर हॉपकिन्स हजारसुद्धा गाठेना. आणि एका वर्षात ह्यूस्टनने ऑस्वाइलरला क्लीव्हलंडच्या गळ्यात घातलं; वर एक दुसऱ्या फेरीची निवड दिली, की बाबा घ्या एकदाचा.

“हुंडा देऊन पाठवला,” काकू म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या.

आतून नातवाने हाक मारली, दुसरा हाफ सुरू होत होता. काकूंनी कुंडी उचलली, दोन पावलं गेल्या आणि सहज आठवल्यासारखं वळल्या.

“काय गं, तुझे हे वैतागलेत ना त्या गॅरेटवर? मग सोडून का देत नाहीत? आमचा नातूही आहे त्याच लीगमध्ये. तो घेईल हो. उपकार म्हणून.”

“बदल्यात काय देईल?”

“एक किकर आहे. चांगला आहे.”

“किकर? काकू, एवढा वेळ तुम्ही त्याची वकिली करत होतात ती ह्यासाठी?”

“बरं, किकर आणि कढीपत्ता,” काकू म्हणाल्या. “पण तुझ्या ह्यांना आज संध्याकाळच्या आत विचार. उद्या आम्ही ते चित्रण बघितलं की भाव बदलेल.”