कोपऱ्यावरची धाकटी

"काकू, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातली धाकटी पोहणं सोडणार म्हणे!"

"सोडतेय कशाची! आज पहाटे साडेपाचला सायकल काढून गेली की टिळक तलावावर. मी दुधाच्या पिशव्या घेत होते ना. बास्केटमध्ये जीवशास्त्राचं पुस्तक, ओल्या टॉवेलाशेजारी ठेवून ठेवून कडा पार फुगलेल्या."

"पण परवा भाजीवाल्याकडे तिची आई म्हणाली, डॉक्टर व्हायचं तर एक काहीतरी सोडायलाच हवं."

"आईच म्हणते? अगं, दोन वर्षांपूर्वी हीच बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला दारात थांबवून लेकीची पदकं दाखवायची. मी तीच पदकं तीनदा पाहिलीत!"

"ते असू दे हो. पण जमतं का दोन्ही?"

"आमच्या ह्यांना विचार. वेस पेस, टेनिसवाल्या लिअँडरचे वडील गं, जन्म गोव्याचा. 1972ला म्युनिकला हॉकीचं ब्राँझ आणि माणूस डॉक्टर! पुढे खेळाडूंचीच डॉक्टरकी केली. बायको बास्केटबॉलची कप्तान, मुलानं 1996ला अटलांटात ब्राँझ आणलं. 2025च्या ऑगस्टात ते गेले, तेव्हा आमच्याकडे जेवताना दुसरा विषय नव्हता. आणि त्याच्याही आधी तो नागालँडचा तालिमेरेन आओ. 1948च्या लंडन ऑलिंपिकला आपल्या फुटबॉल संघाचा कप्तान, तोही मेडिकलला शिकत असताना."

"झालं ते तेव्हाचं! तेव्हा मेडिकलला नीट परीक्षा कुठे होती? आता 180 मिनिटांत 180 प्रश्न, त्यातले 90 नुसते जीवशास्त्राचे. बारावीला खेळाचे वाढीव गुण देतात, नीटला त्याचं कुणाला कौतुक? राज्यात पहिली आलीस म्हणून बीजे मेडिकलला कुणी घेत नाही."

"हे मात्र खरं. पदकं दाखवून भागत नाही तिथे. म्हणून तर पोरीनं परस्पर एएफएमसीची चौकशी केलीये."

"गोळीबार मैदानाजवळचं? लष्करी कॉलेज?"

"तेच. नीट तिथेही लागतेच. वर त्यांची आणखी एक चाचणी, मुलाखत, आणि तब्येतीची कसून तपासणी. त्या तपासणीत ही काही मागं पडायची नाही, खांदे बघितलेस ना तिचे? पण मुलींना जागा 30च. आणि शिकून झालं की लष्करात नोकरी, करार लिहून द्यावा लागतो."

"अगं बाई! आईला माहितीये?"

"आईला सांगितलं असतं तर आमच्याकडे कशाला आली असती? हे रिटायर्ड लष्करी हिशेब खात्यातले, म्हणून ह्यांच्याकडे आली. ह्यांनी तासभर बसून करार काय, पोस्टिंग काय, सगळं समजावलं. पोरगी मान डोलावत ऐकत होती. शेवटी हे म्हणाले, आता काही शंका? तर म्हणते कशी, आजोबा, तिथला तलाव 25 मीटरचा आहे का 50चा?"

"मग? कितीचा आहे?"