शेपटीचा हिशेब

१९०२ साली हनोईत उंदीर फार झाले. दोष उंदरांचा नव्हता. फ्रेंच साहेबांनी आपल्या वस्तीसाठी जमिनीखालून झोकात गटारं बांधली आणि उंदरांना अंधारे, बिनभाड्याचे आणि थेट स्वयंपाकघरापर्यंत नेणारे रस्ते मिळाले. त्यात प्लेगची धास्ती. सरकारने बक्षीस लावलं : उंदीर मारा, शेपटी आणून द्या, शेपटीमागे एक सेंट घ्या. अख्खे उंदीर मोजत बसायचं म्हणजे कुठल्याही कारकुनाच्या जिवावरच येणार. शेपट्यांचे ढीग लागले, कागदावर मोहीम फत्ते झाली आणि मग शहरात बिनशेपटीचे धडधाकट उंदीर हिंडताना दिसू लागले. लोक शेपटी छाटून उंदराला सोडून देत होते. त्याने संसार करावा, चार पोरं व्हावीत, पुढच्या शेपट्यांची सोय व्हावी! शहराबाहेर तर चक्क उंदीरपालन सुरू झालं. शेवटी बक्षीसच बंद करावं लागलं.

मला या हकिगतीत साहेबाच्या फजितीपेक्षा त्या शेपटी छाटणाऱ्याचं कौतुक जास्त वाटतं. जिवंत उंदीर धरून त्याची शेपटी कापायची आणि वर त्याला सुखरूप निरोप द्यायचा, हे काम उंदीर मारण्याहून कितीतरी कष्टाचं. या माणसाला प्रोत्साहन मिळालं नाही असं कोण म्हणेल? भरपूर मिळालं, ते नक्की कशासाठी आहे, तेवढंच योजनेत लिहायचं राहून गेलं होतं. आपली मुंबई महापालिका याबाबतीत जास्त सावध. रात्री काठी आणि बॅटरी घेऊन गल्लीबोळ धुंडाळणाऱ्या तिच्या मूषक संहारकांना रोजचा ३० उंदरांचा कोटा असे आणि सकाळी अख्खे उंदीर मोजून द्यावे लागत. शेपटीवर भागत नसे.

कंपन्यांचे एच.आर.वाले मात्र अजून शेपट्याच मोजतात. आमच्या कचेरीत एकदा ‘बंद झालेल्या तक्रारी’ मोजायचं ठरलं. जो जास्त तक्रारी बंद करील त्याला इन्सेंटिव्ह. तक्रारी धडाधड बंद होऊ लागल्या. ग्राहकाचा फोन आला की नोंद करायची आणि लगेच बंद करायची. तो चिडून पुन्हा फोन करी. ती नवी तक्रार, तीही बंद. एकच गिऱ्हाईक चार वेळा भडकलं की चौघांचा आलेख वर जाई. ज्या बिचाऱ्याने खरोखर त्याच्या घरी जाऊन काम उरकलं, त्याच्या नावावर मात्र एकच तक्रार लागे.

पुढे ‘स्टार ऑफ द मंथ’ निघाला. भिंतीवर फोटो आणि हजाराचं कूपन. पहिले दोन महिने रुसवेफुगवे झाले. मग डबे खाताना कुणीतरी तोडगा काढला आणि हा मान भिशीसारखा लागू लागला. घरात लग्नकार्य असेल, पोराची फी भरायची असेल, त्याचा नंबर आधी. त्या महिन्यात बाकीचे आपली कामं त्याच्या खाती टाकत. दर महिन्याला नवा तारा उगवतो, म्हणजे निकोप स्पर्धा चालू आहे, असं वरच्यांनी अहवालात लिहिलं. माझ्या मते ही त्या कचेरीतली एकमेव नीट चाललेली योजना होती.

आमचं निदान हजारावर भागलं. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकाला बँकेच्या आठ सेवा विकायचा ध्यास घेतला. आठच का? तर इंग्रजीत ‘एट’चं ‘ग्रेट’शी यमक जुळतं. हे खुद्द बँकेच्या प्रमुखांनी वार्षिक अहवालात लिहिलं होतं. टार्गेट गाठायला कर्मचाऱ्यांनी लोकांच्या नावाने त्यांना न विचारताच लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि तोवर सुमारे ५,३०० जणांना नारळ मिळाला होता. यमक जुळवणारे सुरुवातीला तरी खुर्चीवर होते.

या सगळ्यापुढे आपला दिवाळीचा बोनस किती साधा! पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मुंबईच्या गिरणीमालकांनी तो राजीखुशीने सुरू केला. मंदी येताच १९२३ सालचा बोनस नाकारला, आणि १९२४ च्या सुरुवातीला दीड लाखाच्या आसपास कामगार संपावर गेले. न्यायमूर्ती मॅक्लिऑड यांच्या समितीने सांगितलं, की बोनसवर कामगारांचा हक्क शाबीत होत नाही. कायद्यात तो हक्क यायला १९६५ साल उजाडलं. आज किमान बोनस ८.३३ टक्के आहे. आकडा बेंगरूळ दिसतो खरा, पण तो वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, म्हणजे सरळ एका महिन्याचा पगार. त्यात तारा नाही, आलेख नाही, शेजारच्या टेबलावरच्याशी शर्यत नाही. बोनस मिळतो म्हणून कोणी जादा राबतो असं नाही. पण तो नाकारला की काय होतं, ते गिरणगावाने दाखवलंच.

तरीही नवी योजना काढल्यावाचून राहवत नसेल, तर एच.आर.वाल्या मंडळींना एकच विनंती. जाहीर करण्याआधी ती कचेरीतल्या सगळ्यात आळशी माणसाला वाचायला द्या. चहा संपेपर्यंत तो तिच्यातल्या सगळ्या पळवाटा दाखवून देईल. मात्र पळवाटेमागे इतके रुपये, असं त्याला चुकूनही कबूल करू नका.