शेंडा बघून घ्या

मुकुंदवाडीच्या बाजारातून कोथिंबिरीची एक जुडी आणायला दाजी निघाले, की ताई वरणाखालचा गॅस बंद करतात. दाजी आधी सगळ्या जुड्या उलटसुलट करतात, मग पहिलीच बरी होती म्हणून माघारी येतात, आणि तोवर ती कुणीतरी नेलेली असते. असा पारखी माणूस प्रत्येक गल्लीत एक असतोच. आमच्या गल्लीच्या वाट्याला जरा जास्तच आलाय.

त्यांचा खरा हंगाम डिसेंबरात. बाकीची ख्रिस्ती घरं माळ्यावरचं प्लास्टिकचं झाड काढतात, धूळ झटकतात, चांदण्या टांगतात आणि करंज्यांच्या मागे लागतात. दाजींना नाताळला खरं झाड लागतं. प्लास्टिकच्या झाडात निवडायचं काय?

जालना रोडच्या कडेचा नर्सरीवाला त्यांना लांबून ओळखतो आणि उगीच मोबाईल कानाला लावतो. दाजी थांबतात. त्यांना कुठे घाई आहे?

“मोरपंखी घ्या, दाजी. दणकट असते.”

“विद्या म्हणून वहीत ठेवायचो आम्ही ती. तिला आता चांदण्या टांगू?”

यावर नर्सरीवाला गप्प. पण दाजींचा दुसरा मुद्दा मलाही पटतो. मोरपंखीची पानं उभ्या पंख्यांसारखी एकमेकांना खेटून असतात. टांगलेली घंटा लोंबतच नाही, अडकून बसते.

सुरूचं नाव निघालं की दाजी हळवे होतात. त्यांच्या लहानपणी सुरूची फांदी तेलाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून रोवायचे. हळवेपण मिनिटभर टिकतं, मग व्याख्यान सुरू. सुरूच्या त्या सुया म्हणजे पानं नव्हेतच, हिरव्या काड्या. खरी पानं म्हणजे काडीच्या पेरावरचे इवलेसे खवले. नर्सरीवाला “बरं” म्हणतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला गुलाब देऊन येतो.

मग उरतं अरौकेरिया. नर्सरीत त्यालाच सरळ ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. एकावर एक मजले चढवावेत तशा फांद्या, आणि भाव उंचीवर. दाजी उकिडवे बसतात. मजले मोजतात, मजल्यावरच्या फांद्या मोजतात, एका बाजूला एक कमी भरली की जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ करतात. शेवटी उभं राहून, चष्मा कपाळावर सरकवून, शेंडा दोन बोटांत अलगद धरतात. इथे मात्र त्यांना हसू नये. या झाडाच्या आडव्या फांदीपासून रोप केलं, तर ते उभं वाढायचं नाव घेत नाही, आडवंच पसरत जातं. म्हणून बियांपासून केलेलं, शाबूत शेंड्याचं रोप बघूनच घ्यावं.

भाचा जर्मनीत आहे, ही यात पडलेली भर. तो तिकडच्या झाडांचे फोटो पाठवतो : कॉकेशसच्या डोंगरातलं नॉर्डमन फर, त्याच्या सुया लवकर गळत नाहीत, स्प्रूस स्वस्त, पण घरातल्या उबेनं सुया ढाळतं. दाजींनी दुसऱ्याच दिवशी नर्सरी गाठली.

“नॉर्डमन आहे का?”

“नॉर्मल आहे. चालेल?”

गेल्या नाताळला भाच्यानं कळसच केला. अरौकेरियातल्या कुक पाइन या जातीवर 2017 मध्ये एक संशोधन प्रसिद्ध झालं. ही झाडं जगात कुठेही लावा, मोठी झाली की विषुववृत्ताकडे झुकतात. म्हणजे आपल्याकडे दक्षिणेला, ऑस्ट्रेलियात उत्तरेला. आणि आपल्याकडे नॉरफोक पाइन म्हणून जे खपतं, ते पुष्कळदा हे कुकच असतं. भाच्यानं हे गंमत म्हणून कळवलं होतं. दाजींनी ते तक्रार म्हणून नर्सरीत नेलं.

24 तारखेची संध्याकाळ. ताईंनी दारावर चांदणी लावली होती, पोरं गाण्यांची तयारी करत होती. दाजी मोबाईलवर होकायंत्र लावून कुंड्यांच्या रांगेत फिरत होते.

“मोठं झाल्यावर वाकणार नाही, असं लिहून द्या.”

“दाजी, दीड फुटाचं रोप आहे!”

“मग उत्तरेला झुकणारं दाखवा.”

“ते ऑस्ट्रेलियात. तुम्हीच सांगितलं मघाशी.”

दाजींनी क्षणभर विचार केला. “नवा माल कधी येतो?”

“जानेवारीत.”

“हां, मग तेव्हा येतो. आत्ता घाईत घेणं नको.”