राजारामपुरीतले देखावे: नवशिक्यांसाठी शनिवार-रविवारची मार्गदर्शिका

थीम पार्क म्हटलं की कोल्हापूरकराला खोपोलीजवळचं इमॅजिका आठवतं. 2013 साली ते सुरू झालं, आणि तेव्हापासून लोक सुट्टी काढून, पुण्याच्याही पुढं जाऊन, तिकीट काढून रांगेत उभे राहतात आणि परत आल्यावर सांगतात, ‘लई गर्दी होती.’ हाच आनंद ज्यांना फुकटात आणि रिक्षाच्या अंतरावर हवा आहे, त्यांच्यासाठी गणेशोत्सवातली राजारामपुरी आहे. कोल्हापूरच्या पेठांमध्ये माणसांनी वठवलेले सजीव देखावे असतात. राजारामपुरी आणि शाहूपुरी ओळखल्या जातात त्या तांत्रिक देखाव्यांसाठी. इथं राक्षस मोटारीवर उठतो, दरवाजा हवेच्या दाबावर उघडतो आणि देव वरून दोरीनं नव्हे, हायड्रॉलिकनं खाली येतो. फाटक नाही, तिकीट नाही, आणि म्हणूनच हातात नकाशाही कुणी देत नाही. ती उणीव ही मार्गदर्शिका भरून काढेल. राजारामपुरीत जन्मलेल्यांनी ती वाचली तरी हरकत नाही. त्यांना तीत चुका सापडतील. तो त्यांचा जन्मसिद्ध हक्क आहे.

पायरी 1: दिवस ठरवणे

चतुर्थीच्या दिवशी येऊ नका. त्या दिवशी राजारामपुरीत आगमनाची मिरवणूक असते आणि देखाव्याच्या जागी बांबू, प्लायवुड आणि चिडलेले कार्यकर्ते असतात. ‘उद्या उघडतोय’ हे वाक्य पुढचे काही दिवस रोज ऐकायला मिळेल. त्यावर विश्वास ठेवणं ही नवशिक्याची पहिली खूण.

कोल्हापुरात बहुतेक घरचे गणपती गौरींबरोबर जातात. तोवर घरच्या बायकांना उसंत नसते आणि मंडळाचाही शेवटचा खिळा ठोकायचा बाकी असतो. गौरी-गणपती गेले की दोघंही मोकळे होतात. 2026 साली चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी आहे आणि अनंत चतुर्दशी 25 तारखेला, शुक्रवारी. म्हणजे मधे एकच शनिवार-रविवार, 19 आणि 20. हा हिशेब तुम्हाला जमला तसा कागल, इचलकरंजी, गडहिंग्लज आणि जयसिंगपूरलाही जमतो. शहाण्यानं त्यापेक्षा मधल्या वारी, मंगळवारी-बुधवारी जावं. ते तुम्हाला जमणार नाही, कारण पुण्याचा भाचा शनिवारीच येतो. म्हणून पुढच्या पायऱ्या.

पायरी 2: माणसं मोजणे

निघताना माणसं मोजा आणि आकडा लिहून ठेवा. तो पुढं लागणार आहे. पाच जण ही उत्तम संख्या. अकरा जण निघतात. त्यांचे प्रकार असे:

आज्जी: गुडघे दुखतात, पण ‘मी घरीच बसते, तुम्ही जावा’ असं दोनदा म्हणतात. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी लुगडं बदललेलं असतं.

दाजी: प्रत्येक देखाव्यापुढं उभे राहून 1990 च्या आसपासचा देखावा कसा सरस होता ते सांगतात. त्यांना रांगेत सर्वांत मागं ठेवावं, म्हणजे ऐकणारे बदलत राहतात.

वैनी: मेन रोडवर दुकानं उघडी आहेत एवढंच त्यांना पुरतं.

पुण्याचा भाचा: ‘पार्किंग कुठंय?’ एवढाच प्रश्न घेऊन येतो.

पायरी 3: गाडी आणि चप्पल

दोन्ही घरी ठेवा. गर्दीच्या दिवसांत इथं एकेरी वाहतूक आणि बॅरिकेड लागतात. मोटार घेऊन शिरलेला माणूस देखावा सोडून सगळं पाहतो. स्टेशनकडून येणाऱ्यांनी परीख पुलाखालून चालत यावं. मात्र जोराचा पाऊस झाला असेल तर आधी पुलाखाली पाणी किती आहे ते विचारावं. भाद्रपदातल्या पावसाला तुमचं वेळापत्रक कळवलेलं नसतं.

चपलेबद्दल इतिहासाचा दाखला आहे. कॅलिफोर्नियात 17 जुलै 1955 रोजी डिस्नीलँड उघडलं, त्या दिवशी खोटी आमंत्रणं छापून हजारो जादा माणसं आत शिरली, आणि ताज्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या. वॉल्ट डिस्नीलाही पहिल्या दिवसाची गर्दी झेपली नाही, तिथं आपल्या गल्लीतल्या खजिनदाराकडून फार अपेक्षा ठेवू नयेत. नवी कोल्हापुरी चप्पल घालून तर येऊच नका. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, 2025 मध्ये ती मिलानच्या रॅम्पवरही गेली आणि त्यावरून भांडण झालं. पण नवी असली की चावते आणि भिजली की बिघडते. जुने बूट घाला. ‘फोटोत बरे दिसत नाहीत’ ही तक्रार निकाली काढावी, कारण फोटोत तुमचे पाय येणार नाहीत, पुढच्या माणसाचं डोकं येणार आहे.

पायरी 4: भूगोल

राजारामपुरी ही आखून वसवलेली वस्ती. गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत: पहिली, दुसरी, तिसरी आणि पुढं. परक्या माणसाला हे सोपं वाटतं. मग तो विचारतो, ‘सातवी गल्ली कुठं?’ आणि उत्तर येतं, ‘हितनं सरळ जा, जनता बाजारला वळा, कोणालाबी विचार.’ आकडे नकाशासाठी असतात. माणसं चौकांवर चालतात. म्हणून तीन खुणा पाठ करा: जनता बाजार चौक, बसरूट आणि माऊलीचा पुतळा. चुकामूक झाली तर भेटायची जागा यांतली ठरवू नका. तीच जागा निम्म्या जिल्ह्यानं ठरवलेली असते. एखादं बंद झालेलं दुकान, दवाखाना, झेरॉक्सवाला, असं काहीतरी अप्रसिद्ध शोधा.

पायरी 5: काय सोडायचं ते ठरवणे

ही पायरी वगळणारे बाकी सगळ्या पायऱ्या पाळूनही नापास होतात.

हिशेब सोपा आहे. समजा, एक खेळ आठ मिनिटांचा. माणसं बाहेर काढून नवी आत घ्यायला दोन मिनिटं. मंडपात एका वेळी शंभर माणसं मावतात. म्हणजे तासाला सहा खेळ, सहाशे माणसं. तुमच्यापुढं चारशे जण असतील तर चाळीस मिनिटं उभं राहणं आलं. संध्याकाळी साडेसात ते साडेदहा धरा, वैनींची खरेदी आणि आज्जींचं बसणं वजा करा. उरतात दोन देखावे. फार झालं तर तीन.

भाच्याच्या यादीत चौदा असतील. ती यादी हातात घ्या आणि बारा खोडा. खोडताना वाईट वाटेल. घरी बसून वाटलेलं वाईट रांगेत वाटलेल्या वाईटापेक्षा स्वस्त पडतं. उरलेल्यांची मूर्ती आणि रोषणाई रस्त्यावरूनच दिसते. तिथं हात जोडा आणि पुढं चला. देवाला रांगेची अट नाही, ती देखाव्याला आहे.

कोणते दोन निवडायचे? वर्तमानपत्रात छापून आलेला देखावा टाळा. तो वाचून सगळं शहर तिथंच उभं असतं. शेजारच्या गल्लीत नाक्यावर पोरं ‘नाद खुळा’ म्हणत बाहेर पडताना दिसली तर तिकडं वळा. आज्जींसाठी एक पौराणिक, पोरांसाठी एक ऐतिहासिक, हे प्रमाण सर्वसाधारणपणे तंटामुक्त ठरतं.

पायरी 6: रांग

डिस्नीनं 1999 साली फास्टपास काढला: वेळ ठरवून घ्यायची आणि रांग टाळायची. राजारामपुरीत ही सोय फार आधीपासून आहे, तिला ‘ओळख’ म्हणतात. फेटा बांधलेला, घसा बसलेला, गळ्यात बिल्ला अडकवलेला एखादा कार्यकर्ता तुमच्या मेहुण्याचा वर्गमित्र निघाला तर दोरी वर उचलली जाते. मात्र ओळख सांगताना संपूर्ण अकरा जण पुढं करू नयेत. दोन माणसांची ओळख अकराला पुरत नाही.

वर्गणीची पावती दाखवून आत जाता येईल असं काहींना वाटतं. पावतीवर 101 रुपये असतील तर ती खिशातच ठेवा.

मधे घुसणाऱ्याशी भांडण काढू नका. इथं ‘ए भावा, रांग हाय’ एवढं म्हणायची पद्धत आहे. तो मागं जातो किंवा ‘आमची माणसं म्होरं हायत’ म्हणतो. दुसऱ्या उत्तराला जगात कुठंही तोड निघालेली नाही.

पायरी 7: मंडपात

दोरी सुटली की सगळे मधोमध धावतात. तुम्ही डाव्या किंवा उजव्या कडेला जा. तिथून अर्धा देखावा तिरका दिसतो, पण पडद्यामागचा दुसरा अर्धाही दिसतो, आणि जाणत्यांच्या मते तोच खरा.

दिवे जातात. घुमणाऱ्या आवाजात निवेदन सुरू होतं. पावनखिंड असेल तर निळा उजेड येतो, थर्माकोलच्या कड्यावरून पाणी पडायला लागतं, आणि मावळ्याचा दांडपट्ट्याचा हात ‘फुस्स’ करत वर जातो. ती ‘फुस्स’ हवेच्या सिलिंडरची. कडेच्या फटीतून पाहा: बनियनवरचा एक पोरगा खोक्यावर बसलेला असतो, पुढं फळीवर बटणांची रांग, प्रत्येक बटणाखाली खडूनं लिहिलेलं: ‘पाणी’, ‘वीज’, ‘हात’, ‘घोडा’. निवेदनातल्या कुठल्या शब्दाला कुठलं बटण, हे त्याला तोंडपाठ असतं. घोडा अडकला तर तो खोक्यावरून न उठता पायानं एक लाथ देतो आणि घोडा उठतो. उद्यमनगर शेजारी असण्याचे हे फायदे आहेत. लेथवर वाढलेल्या गावात यंत्राला काय कळतं आणि काय नाही, याची समज घरोघर असते.

खेळ चालू असताना मोबाईल वर धरू नका. तुमच्या मागं कुणाच्या तरी खांद्यावर एक पोर बसलेलं आहे आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा घोडा उठताना दिसतोय. चित्रफीत तुम्ही नंतर बघणार नाही; पोर मात्र आठवडाभर घरात दांडपट्टा फिरवणार आहे.

पायरी 8: खाणं

श्रावणापासून थांबलेला तांबडा-पांढरा रस्सा गौरी-गणपती गेल्यावर पुष्कळ घरांत परततो. तो निघण्यापूर्वी खाऊ नका. पोटभर जेवलेला माणूस तिसऱ्या गल्लीपर्यंत टिकतो आणि चौथीत ‘आता घरी जाऊया की’ म्हणतो. आधी हलकं, परतल्यावर जेवण. मधे भेळ, भाजलेलं कणीस आणि शेवटी कॉकटेल. घाबरू नका, कोल्हापुरात कॉकटेल म्हणजे फळं घातलेलं आईस्क्रीम. पुण्याच्या भाच्याला हे आधी सांगू नका; आज्जींनी ‘मला एक कॉकटेल सांग’ म्हटल्यावर त्याचा चेहरा पाहणं हा वेगळा देखावा आहे.

पायरी 9: हरवणं

लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबराची चिठ्ठी घाला. लाल कपडे घालू नका. त्या रात्री माईकवरून पुकारली जाणारी निम्मी मुलं लाल कपड्यांतली असतात आणि सगळे आईबाप एकदम धावतात. मोठी माणसं हरवली तर खरेदीच्या दिशेनं शोधावीत.

पायरी 10: वेळ

नियमाप्रमाणे रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत सवलत देतं. तुमचा शनिवार त्यात आहे का, हे आधी पाहा. आवाज बंद झाला की देखाव्याचा मूकपट होतो. बाबूराव पेंटरांनी 1920 सालची ‘सैरंध्री’ जिथं काढली त्या गावाला मूकपटाचं वावडं नाही, पण निवेदनाशिवाय बटणवाला पोरगा बावचळतो आणि वीज पडायच्या आधीच घोडा उठतो.

नमुना वेळापत्रक

6.00: निघणे.
7.10: खरंच निघणे.
7.40: पहिली रांग. दाजींचं 1990.
8.30: पहिला देखावा.
8.40: वैनी दिसत नाहीत.
9.05: वैनी दिसल्या. दोन पिशव्यांसह.
9.10: दुसरी रांग.
9.50: दुसरा देखावा.
10.00: कॉकटेल.
10.30: माणसं मोजणे.

मूल्यमापन

निघताना लिहून ठेवलेला आकडा आणि परतल्यावरचा आकडा जुळला: 50 गुण. दोन देखावे पहिल्या वाक्यापासून शेवटच्या दिव्यापर्यंत पाहिले: 40 गुण. आज्जी ‘पुढल्या वर्षी पुन्हा जाऊया’ म्हणाल्या: 10 गुण. अकरा देखावे पाहिल्याचा दावा करणाऱ्याला शून्य. त्यानं अकरा मंडपांसमोरच्या पाठी पाहिलेल्या असतात.

सत्तरच्या वर गुण मिळाले म्हणून लगेच अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीला निघू नका. ती चोवीस तासांच्याही पुढं चालते आणि तिथं काय सोडायचं हे ठरवताच येत नाही. नवशिक्यांनी आधी दोन वर्षं देखावे करावेत.