ऐकलंस का, पॉझिटिव्ह आलंय!

"ऐकलंस का, कोपऱ्यावरच्या सुनेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय!" जास्वंदीच्या कुंपणावरून माईंनी मान काढली. हातात परडी होती, पण फुलं नावालाच.

"कसला हो?" माझा पाइप अळूवर तसाच सुरू.

"रुबेलाचा. तिसरा महिना लागलाय पोरीला. सासूबाईंनी ते वाचलं नि लावला डोळ्याला पदर. मी कागद बघितला, तर आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. म्हटलं, अहो रडताय काय, पेढे वाटा! आयजीजी म्हणजे आधीचीच प्रतिकारशक्ती आहे अंगात. ताज्या लागणीचं आयजीएम आलं असतं, तर पळापळ होती. डॉक्टरांनीही संध्याकाळी तेच सांगितलं."

माई तीस वर्षं उपकेंद्रावर नर्सबाई होत्या. निवृत्त झाल्या, पण गल्लीतला एकही रिपोर्ट त्यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय राहत नाही.

"आमच्या थोरलीचं लग्न ठरलंय, पण तिची नको बाई काळजी," मी म्हटलं. "पाचवीत असताना गोवर येऊन गेलाय तिला. उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला होता, आठवतंय ना?"

"गोवर वेगळा नि रुबेला वेगळा गं! रुबेलात अंगावर थोडं लाल उठतं, कानामागे गाठी येतात, दोन-तीन दिवसांत लाली साफ. आपण म्हणतो घामोळं. निम्म्या जणांना तर तेवढंही होत नाही. मग येऊन गेला की नाही, हे आठवणीवर कसं ठरवायचं? बाईला फारसं काही होत नाही, भोगतं ते पोटातलं. पहिल्या बारा आठवड्यांत लागण झाली, तर दहांतल्या आठ-नऊ बाळांना इजा होते. मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयात दोष."

"तान्ह्या बाळाला मोतीबिंदू?"

"त्यावरूनच तर कळलं. 1941 साली सिडनीत ग्रेग नावाचे डोळ्यांचे डॉक्टर होते. एकामागून एक मोतीबिंदूची बाळं यायला लागली. असं सांगतात, की बाहेर बसलेल्या दोन आया आपसांत बोलत होत्या, गरोदरपणात आम्हाला जर्मन गोवर, म्हणजे हाच रुबेला, झाला होता म्हणून. डॉक्टरांनी ते ऐकलं नि धागा जुळवला. म्हणजे शोध लागला तो बायकांच्या गप्पांतून! आमच्या यांना सांगितलंय मी हे. कुंपणापाशी उभी राहिले की घड्याळ बघतात."

मला हसू आलं, पण मनात आकडेमोड सुरू झाली होती. धाकट्याला शाळेत गोवर-रुबेलाची लस दिलेली. नखाला शाई लावून आला होता, मतदान केल्यासारखा मिरवत होता.

"ती 2018 ची मोहीम," माई म्हणाल्या. "नोव्हेंबरात सुरू झाली. व्हॉट्सॲपवर काय काय अफवा! एकेका आईची समजूत घालताना घसा बसला माझा. पण लस होती नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांच्या आतल्यांना. थोरली तेव्हा?"

"अकरावीत. सोळा पूर्ण."

"मग सुटली. तान्ह्या बाळांना हल्ली नवव्या महिन्यापासून मिळते, शाळेतल्यांना तेव्हा मिळाली. मधल्या मधे राहिल्या या, नि आता यांचीच लग्नं निघताहेत. लहानपणी खाजगीत एमएमआर घेतली होती का? त्यात रुबेलाही येतो. कार्ड बघ."

कार्ड कुठलं सापडायला! दोन घरं बदलली, त्यात गेलं.

"नसेल, तर टोचून घ्यायची सरळ. आधी प्रतिकारशक्ती असली तरी बिघडत नाही. फक्त लशीतला विषाणू जिवंत असतो, दुबळा केलेला. म्हणून गरोदर बाईला देत नाहीत, नि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत. बाळंत झाल्यावर, अंगावर पाजतानाही चालते. पण थांबायचं कशाला? लग्न माघात ना? भरपूर वेळ आहे."

"पण माई, मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर? पोरीला काहीतरी आहे, म्हणून इंजेक्शन दिलं म्हणतील."

"म्हणू देत. उलट जावयालाही विचार, त्याने घेतलीय का. पुरुषांना काय होत नाही का रुबेला? घरात आणणारा तोही असू शकतो."

"अहो, जावयाला लग्नाआधीच टोचायचं?"

"मग? लग्नानंतर तू टोचणारच आहेस," माई म्हणाल्या आणि माझ्या बाजूची दोन जास्वंदं तोडून परडीत टाकली.