फळी उधळली हो!

लाटेवर नुसतं उभं राहणं फारच सोपं वाटलं असावं, म्हणून माणसाने फळीखाली पाऊण मीटरचा दांडा ठोकला आणि त्याच्या टोकाला विमानासारखे पंख बसवले. हे हायड्रोफॉइल. कल्पना जुनीच, टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या फॉइल-बोटीने १९१९ मध्येच ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता. त्यात माणसं निदान बसलेली होती.

पुढे हवाईतल्या माउई बेटावर काई लेनी या सर्फरने हातात वल्हं घेऊन अशा फळीवर उभं राहून दाखवलं आणि सुखवस्तू गुडघ्यांवर संक्रांत आली. वेग आला की पंख उचल खातात, फळी पाणी सोडते, खालची खळखळ एकदम थांबते. शिकाऊ गडी चकित होऊन किंचित मागे रेलतो. झालं! फळी घोड्यासारखी उधळते, पंख पाण्याबाहेर येतात, उचल संपते आणि स्वारी धप्पकन खाली. भार पुढच्या पायावर ठेवा, असं किनाऱ्यावरून सगळे ओरडून सांगतात. त्यातही ज्याचे कपडे कोरडे, त्याचा आवाज मोठा. हेल्मेट मात्र घालावंच. लाट सोडून देते, आपलीच फळी पाठलाग करते.